घराची स्वच्छता आणि गावाचे पाणी

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्वच्छतेचा विचार करताना घाण कोठून येते, हे आपण पाहतो. ती घाण काढण्यासाठी वापरलेला पदार्थ पुढे कोठे जातो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, फरशीवरचे फिनाईल, शौचालयात ओतलेले ॲसिड ही सारी अखेरीस घराबाहेर पडतात. शहरात ती गटारातून नदीला मिळतात. खेड्यात ती परसात, शोषखड्ड्यात किंवा ओढ्यात जातात. आणि त्याच परसापासून थोड्या अंतरावर कोणाची तरी विहीर असते.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली आणि ग्रामीण भागात घरोघरी नळ पोहोचविण्याच्या कार्यास गती मिळाली. घरात येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग सांडपाणी होऊन बाहेर जातो, हे ओघानेच आले. त्यामुळे घर कशाने स्वच्छ करावे, हा प्रश्न आता केवळ गृहिणीचा राहिलेला नाही. तो पंचायतीचाही झाला आहे. याबाबत माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : प्रत्येक कामासाठी, ते काम पुरते होईल असा सौम्यात सौम्य पदार्थ निवडावा. असे बहुतेक पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात आणि शिवारात आहेत. मात्र जेथे रोगजंतूंशी गाठ आहे, तेथे भोळेपणाला जागा नाही.

रिठ्यापासून पावडरीपर्यंत

रिठ्याच्या शास्त्रीय नावातील 'सॅपिंडस' हा शब्द 'भारतीय साबण' या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून बनलेला आहे. रिठ्याच्या टरफलात आणि शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. ती पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, तेलकट मळाभोवती गोळा होतात आणि त्याला पाण्याबरोबर वाहून नेतात. साबण हेच कार्य करतो. चुलीच्या राखेची रीत निराळी. राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. खरकट्या भांड्यावरील तेलाशी त्याचा संयोग होऊन तेथल्या तेथे थोडासा साबणच तयार होतो आणि राखेचे बारीक कण घासण्याचे काम करतात. चिंच, लिंबू व आमसूल यांतील आम्ले तांब्या-पितळेवरील काळपट थर विरघळवतात. आपल्या आजीबाईंना ही रसायनशास्त्रातील नावे ठाऊक नव्हती. परंतु कोणत्या भांड्याला काय लावावे, हे त्यांना अचूक ठाऊक होते.

कृत्रिम प्रक्षालकांचा जन्म पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत, साबणासाठी लागणाऱ्या चरबीच्या टंचाईतून झाला. आपल्या देशात १९५९ मध्ये 'सर्फ' आणि १९६९ मध्ये 'निरमा' बाजारात आली आणि पुढे पावडर खेडोपाडी पोहोचली. हे निव्वळ जाहिरातीमुळे घडले, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट साका मात्र होतो. विहिरीच्या जड पाण्यावर धुणे धुणाऱ्या स्त्रीचे कष्ट पावडरीने खरोखरच कमी केले.

तथापि या सोयीची किंमत पाण्याने मोजली. १९५० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे थर दिसू लागले, कारण त्या वेळच्या प्रक्षालकांचे जिवाणूंकडून सहजी विघटन होत नसे. पुढे लवकर विघटन पावणारी द्रव्ये वापरात आली. मग प्रश्न उभा राहिला तो फॉस्फेटचा. पाणी मृदू करण्यासाठी पावडरीत घातलेले फॉस्फेट जलाशयात पोहोचले की खताचे काम करते. शेवाळ व जलपर्णी माजतात, त्या कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. युरोपीय संघाने २०१३ च्या मध्यापासून कपड्यांच्या घरगुती प्रक्षालकांतील फॉस्फेटवर कडक मर्यादा घातली. आपल्याकडे बेंगळुरूच्या बेळंदूर तलावावरील फेस २०१५ मध्ये वाऱ्याने रस्त्यावर येऊन पडत होता. त्यामागे शहराचे सर्वच मैलापाणी होते. परंतु त्यात घराघरातील धुण्याचाही वाटा होता.

कोणत्या कामाला काय

रेशमी व लोकरी वस्त्रांना रिठा आजही उत्तम. दहा-बारा रिठे फोडून, बिया काढून, टरफले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावीत. सकाळी दहा-पंधरा मिनिटे उकळून, कुस्करून गाळून घ्यावीत. हे पाणी वस्त्रे, दागिने व हलक्या मळाच्या धुण्यास चालते. त्यात टिकविणारे कोणतेही द्रव्य नसल्याने ते दोन-तीन दिवसांत संपवावे. शेतात मळलेल्या जाड कपड्यांना मात्र ते अपुरे पडते. तेथे साध्या साबणाबरोबर थोडा धुण्याचा सोडा वापरावा. सोड्यामुळे पाण्याचा जडपणा कमी होतो आणि साबण कमी लागतो.

तेलकट भांड्यांसाठी चाळलेली राख व नारळाची शेंडी पुरेशी आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर अनेक घरांत गॅस आला, धूर गेला आणि ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु त्याबरोबर राखही दुर्मीळ झाली. जेथे ती मिळते, तेथे निव्वळ लाकूड-गोवऱ्यांचीच घ्यावी. कचरा, प्लास्टिक किंवा दगडी कोळसा जाळलेली राख भांड्यांना लावू नये. तांब्या-पितळेला चिंच व मीठ योग्य. पण कल्हई केलेल्या बाजूला वाळू किंवा विटेची पूड लावल्यास कल्हई निघते. ॲल्युमिनियमला सोडा लावल्यास ते काळवंडते.

फरशीच्या बाबतीत एक सूचना आवर्जून करतो. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे सारे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. ॲसिडच काय, लिंबू किंवा शिरकाही त्यांची झिलई खातो. त्यांना साबणाचे पाणी किंवा रिठ्याचे पाणीच बरे. उलट किटलीच्या तळाशी किंवा नळाच्या तोटीवर जमलेला पांढरा थरही चुन्याचाच असल्याने तो शिरक्याने सहज सुटतो.

हल्ली लिंबू आणि सोडा एकत्र करण्याची शिफारस जागोजागी केली जाते. फसफस पाहून माणसाला समाधान वाटते. परंतु आम्ल व क्षार एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती उरते ते जवळपास खारे पाणी. दोन्ही वस्तू उपयुक्त आहेत, मात्र निरनिराळ्या कामांना आणि निरनिराळ्या वेळी.

शौचालयाचा प्रश्न

सर्वाधिक हानी होते ती येथे. गोपुरी पद्धतीच्या शौचालयांचा प्रसार करणारे अप्पासाहेब पटवर्धन आणि देहू येथे शौचालयाला जोडलेल्या गोबर गॅस संयंत्राचा पुरस्कार करणारे डॉ. मापुसकर या दोघांच्याही कार्याचा पाया एकच होता : मैला ही संपत्ती आहे आणि तिचे रूपांतर जिवाणू करतात. दोन खड्ड्यांच्या शौचालयात खत होते ते जिवाणूंमुळे. संयंत्रात गॅस होतो तोही जिवाणूंमुळेच. भांडे पांढरेशुभ्र दिसावे म्हणून आपण आठवड्याला बाटलीभर ॲसिड किंवा फिनाईल आत ओततो, तेव्हा ज्यांच्या जिवावर शौचालय चालते त्या मजुरांनाच आपण मारतो. मग दुर्गंधी येते, खड्डा लवकर भरतो आणि 'योजनाच वाईट' असा बोभाटा होतो. लांब दांड्याचा ब्रश, पाणी आणि चिमूटभर सोडा एवढ्यावर रोज घासलेले भांडे स्वच्छ राहते.

ॲसिडचे धोके एवढ्यावर संपत नाहीत. सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेले ॲसिड मुलांनी प्याल्याने त्यांच्या अन्ननलिका जळतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो. बंद शौचालयात तो प्राणघातक ठरू शकतो. ही गोष्ट शाळेच्या शिपायापासून घरच्या सुनेपर्यंत प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे. ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले, ते प्रामुख्याने स्त्रियांवरील हल्ले रोखण्यासाठी. घरात ॲसिडची गरजच उरली नाही, तर त्या निर्बंधांना समाजाचेही बळ मिळेल.

जेथे पर्याय नाही

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडणे माझे कर्तव्य आहे. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी ब्लीचिंग पावडरचा वापर चालूच राहिला पाहिजे. लिंबू, तुळस किंवा कडुनिंब तिची जागा घेऊ शकत नाहीत. 'आम्ही नैसर्गिक मार्ग स्वीकारला' असे सांगून एखाद्या पंचायतीने टाकीत पावडर टाकणे थांबविले, तर कावीळ व गॅस्ट्रोची साथ यायला एक पावसाळा पुरेसा आहे. शौचानंतर व जेवणापूर्वी हात साबणानेच धुवावेत. अतिसाराच्या रुग्णाचे कपडे व दवाखान्यातील फरशी यांचे निर्जंतुकीकरण आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्यानेच करावे. शेणाने सारवलेली जमीन धूळ बसवते हे खरे, परंतु शेण जंतुनाशक नाही. जखमेला किंवा नवजात बालकाच्या नाळेला शेण अथवा राख लावल्यास धनुर्वाताचा धोका संभवतो.

तद्वतच, नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रम आहे. रिठ्यातील सॅपोनिन माशांना विषारी असते. फळे कुटून पाण्यात टाकून मासे पकडण्याची रीत अनेक ठिकाणी होती, ती याच गुणावर. म्हणून रिठ्याचे पाणीही थेट तळ्यात सोडू नये. सोड्यातील सोडियम काळ्या चिकण जमिनीत वरचेवर साचल्यास तिचे कण फुटतात, पाणी मुरेनासे होते आणि शोषखड्डा तुंबतो. थोडक्यात, वाद निसर्ग आणि रसायन यांच्यातला नाही. योग्य पदार्थ, योग्य प्रमाण आणि सांडपाण्याची योग्य वाट, या तीन गोष्टींचा हा विचार आहे.

पंचायतीने आणि शाळेने काय करावे

पंचायतीने प्रथम आपल्या अखत्यारीतील शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर व सार्वजनिक शौचालये येथील सामानाची यादी तपासावी. जेथे ब्रश आणि सोडा पुरेल, तेथे ॲसिडची खरेदी बंद करावी; सफाई कामगाराला हातमोजे व लांब दांड्याचा ब्रश द्यावा. ग्रामसभेत सांडपाण्याचा विषय पत्रिकेवर घ्यावा. विहिरीजवळील शोषखड्डे कोणते, याची पाहणी करावी. गायरानात व बांधावर रिठ्याची रोपे लावावीत. त्याला फळ येण्यास अनेक वर्षे लागतात, म्हणून हे काम आजच हाती घ्यावयास हवे. बचत गटांना रिठा-शिकेकाईचे संकलन व विक्री हा जोडधंदा होऊ शकतो; मात्र 'सर्व जंतू मरतात' असा दावा पुडीवर छापू नये.

शिक्षकांजवळ तर फुकट प्रयोगशाळा आहे. हळदीचा डाग साबण लागताच लाल का होतो, हे प्रत्येक मुलाने घरी पाहिलेले असते. हळदीने रंगविलेल्या कागदावर राखेचे पाणी, धुण्याचा सोडा आणि लिंबाचा रस यांचे थेंब टाकून आम्ल-अल्कली हा पाठ शिकविता येईल. पाण्यावर मिरपूड भुरभुरून त्यात रिठ्याच्या पाण्याचा एक थेंब सोडला, तर ती क्षणात कडेला पळते. पृष्ठताण याहून सोप्या रीतीने समजावून सांगता येणार नाही. मुलांनी घरात जे सांगितले, ते घर ऐकते.

संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली. त्या खराट्याने घाण दूर होत असे, आणि मागे काहीही विषारी उरत नसे. आपल्या हातातील साधने बदलली असली, तरी कसोटी तीच ठेवू या. माझे अंगण स्वच्छ करताना शेजाऱ्याची विहीर मळणार नाही, एवढा निश्चय प्रत्येक घराने केला, तर गावाच्या पाण्याचे निम्मे रक्षण घराच्या मोरीतच होईल. हा निश्चय घडवून आणण्याचे काम आपण सर्वांनी आपापल्या गावी करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.