भूकंपाच्या भेगेवरून पायी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, स्वयंपाकघरात रमणारी बाई. शास्त्राच्या विषयावर मी बोलावे हे धारिष्ट्यच. पण गेल्या मार्गशीर्षात सासूबाईंबरोबर कोयनेच्या खोऱ्यात भूकंपाच्या भेगेवरून दिवसभर पायी हिंडून आले, आणि चिटणीसबाईंनी ते सर्वांना सांगाच असा आग्रह धरला, म्हणून उभी राहिले. चुकले तर पदरात घ्यावे.

आपल्या चिंचवडात पाटणकडची घरे किती आहेत हे आपण जाणताच. आमचेही त्यांतलेच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते, दाराशी खुंटीला सासूबाईंची एक पिशवी टांगलेली असते. आत बॅटरी, एक लुगडे, रेशनकार्ड आणि एक जुनी वाकळ. निजायच्या जागेवर फळी ठोकू द्यायच्या नाहीत, माळ्यावर पितळी डबे चढवू द्यायच्या नाहीत, आणि पहाटे चारला उठून बसायच्या. मला वाटे, एकेकाचे खूळ असते. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मी ती वाकळ बोहारणीला देऊन एक पातेले घेतले. सासूबाई रागावल्या नाहीत. पाच दिवस बोलल्याच नाहीत. मग त्यांनी स्वतः नवी वाकळ शिवली आणि पिशवीत ठेवली.

११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटे. त्या वेळी सासूबाई नऊ वर्षांच्या होत्या. कोयनानगर आणि आजूबाजूच्या वाड्या त्या धक्क्याने झोपेतच कोसळल्या. सुमारे १८० माणसे गेली, दोन हजारांवर जखमी झाली. धरणाच्या भिंतीलाही तडे गेले. पुढे तिला पाठीमागून भक्कम टेकू द्यावे लागले. धक्का पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला होता.

आम्ही एस.टी.ने कराड, पाटण करीत कोयनानगरला उतरलो. तिथले एक निवृत्त गुरुजी वाट दाखवायला आले. सोबत भाकरी, ठेचा आणि पाण्याच्या बाटल्या. सासूबाईंच्या गुडघ्यांची मला काळजी होती, पण पायवाटेला लागताच त्या पुढे आणि मी धापा टाकीत मागे.

गुरुजींनी डोंगराची कापलेली कड दाखवली. काळ्या कातळाचे थर एकावर एक, आणि मध्येच विटेच्या रंगाचा लाल पट्टा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त रस वाहून आला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा आला. दोन लोंढ्यांमध्ये जो काळ गेला त्यात वरचा दगड कुजला, त्याची ही लाल माती. काही दगडांत पांढरे खडे होते, शेवेच्या लाडवात खोबऱ्याचे तुकडे दिसावेत तसे. पुढे सर्वांत वर जांभा. मला वाटले होते की हा कातळ पाताळापर्यंत असेल. पण गोठणे गावी २०१७ साली तीन किलोमीटर खोल भोक पाडले, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास हा काळा दगड संपला आणि खाली फार जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. भूकंप जन्मतात ते त्या खालच्या खडकात. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, तिथे याच कामाचा अभ्यास चालतो.

आता भेग. नाणेल, कडोली, दोणीचावाडा या बाजूला १९६७ साली शेते फाटली होती. एक सलग रेघ नव्हे; तिरकस, तुटक, एकापुढे एक अशा चिरा. खालचा खडक दुभंगून सरकला त्याची ती वरची खूण. शास्त्रात त्याला प्रस्तरभंग म्हणतात. गुरुजींनी समजावले, दोन पाट कडेला कड लावून ठेवा आणि एक पुढे, एक मागे रेटा. बराच वेळ ते अडून राहतात आणि मग एकदम निसटतात. तेच इथे झाले.

मी विचारले, मग धरणाचा दोष काय? ते म्हणाले, खडकात ताण होताच. १९६२ पासून जलाशय भरू लागला, पाणी चिरांतून खोल उतरले, अडलेले पाट सुटायला मदत झाली. म्हणूनच पावसाळ्यात पाणी चढते तेव्हा आणि पुढे ते उतरू लागते तेव्हा धक्के वाढतात, आणि सगळे जेमतेम तीस किलोमीटर लांब, वीस किलोमीटर रुंद अशा टापूत. त्याच पाण्यावर १९६० मेगावॉट विजेची यंत्रे उभी आहेत. आपले मिक्सर नि कारखाने राज्याच्या ज्या तारांवर चालतात, त्यांत तीही वीज येते. मला तरी कुणाला दोष द्यावा ते कळेना.

खरे सांगते, बघायला गेले तर भेग काही दिसली नाही. नांगराने, पावसाने जमीन केव्हाच सारखी झाली. नाचणीची कापणी झालेले खुंट तेवढे होते. मी जरा हिरमुसले. तेवढ्यात सासूबाई एका बांधाशी थांबल्या.

"हितं आमचं घर व्हतं," त्या म्हणाल्या. "आबांनी समद्यांस्नी भाईर काढलं. थंडी लई. म्या रडाया लागले, मला वाकळ पायजे म्हनून. आबा आत गेले, आन् पुन्ना जमीन हालली."

पुढे त्या बोलल्या नाहीत. गुरुजी थोडे लांब जाऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते, माझ्या यजमानांनाही नाही. आणि ती वाकळ मी पातेल्यावर घातली होती.

थोड्या वेळाने त्यांनीच उठून पदर झटकला आणि "चल पोरी, पाचची गाडी चुकंल," म्हणाल्या.

घरी आल्यावर माळ्यावरचे जड सामान मी खाली काढले, कपाट भिंतीला पट्टीने ठोकून घेतले. पिशवीत आता दोन वाकळा आहेत, दुसरी माझ्या हातची. टाके मात्र सासूबाईंना पसंत नाहीत, फार लांब पडतात म्हणे.