धावणी मोहल्ल्यातली बैसाखी



छावणी, पडेगाव, मिटमिटा मागे टाकत रस्ता दौलताबादवरून खुलताबादला जातो. तिथे औरंगजेबाची कबर आहे, हे पोरासोरांनाही ठाऊक. पण या बादशहाला जाब विचारणारं पत्र घेऊन आलेला माणूस आपल्याच छत्रपती संभाजीनगर शहरात मुक्कामाला होता, हे किती जणांना माहीत असतं? त्याची गोष्ट बैसाखीपासून सुरू होते.

पंजाबात बैसाखीला गहू कापणीला येतो. आपल्याकडे तोवर गहू-ज्वारी घरात आलेली असते, रानं नांगरटीला लागलेली असतात. इथे या सणात मोठी आहे ती 1699 सालची आठवण. त्या बैसाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी भरल्या सभेत तलवार उपसून शिर मागितलं. पहिले उठले लाहोरचे दयाराम खत्री, मग हस्तिनापूरचे धरमदास जाट. त्यांच्या पाठोपाठ उठलेल्या तिघांत एक पाणक्या, एक शिंपी आणि एक न्हावी; हे न्हावी तर आपल्या शेजारच्या बिदरचे. गुरूंनी लोखंडी भांड्यात पाणी आणि बत्तासे घालून खंडा या दुधारी तलवारीनं ढवळले, ते अमृत पाचही जणांना एकाच भांड्यातून दिलं आणि मग हात जोडून त्यांच्याकडून स्वतः घेतलं. गुरूनं शिष्यापुढे, तेही अशा साध्या शिष्यांपुढे, ओंजळ धरायची! या सणात मला याहून थोर काही दिसत नाही.

अमृत घेऊन दयारामांचे झाले भाई दयासिंग, धरमदासांचे धरमसिंग. गुरूंनी आनंदपूर सोडताना मुघलांनी कुराणावर घेतलेल्या शपथा मोडल्या गेल्या, तेव्हा 1705 मध्ये गुरूंनी फारसी पद्यात ‘जफरनामा’ लिहून औरंगजेबाला थेट सुनावलं. ते पत्र घेऊन दयासिंग आणि धरमसिंग दक्षिणेत आले. बादशहापर्यंत पोचणं सोपं नव्हतं. दयासिंगांच्या त्या मुक्कामाची खूण म्हणजे धावणी मोहल्ल्यातला गुरुद्वारा. 1707 मध्ये बादशहा अहमदनगरला वारला. पुढच्याच वर्षी गुरूही नांदेडला ज्योतीत विलीन झाले.

बैसाखीला गुरुद्वाऱ्यात निशाणसाहिबाची, म्हणजे ध्वजाची, काठी धुऊन तिला नवा चोला चढवतात. कीर्तन होतं, मग लंगर. आंबेडकर जयंतीही त्याच सुमाराला असते. शहर रस्त्यावरच असतं. तेव्हा वाट थोडी वाकडी करून धावणी मोहल्ल्यात जरूर जा. डोक्यावर रुमाल घ्या, पंगतीत जमिनीवर बसा आणि पोळी वाढायला आले की दोन्ही हात पुढे करा. जात, गाव कुणी विचारणार नाही.