‘शक्ती’च्या आधीची ‘शांती’



तबलावादक उस्ताद झाकिर हुसेन म्हटलं की ‘शक्ती’ या वाद्यवृंदाचं नाव ओघानं येतंच. पण ‘शक्ती’च्या आधी ‘शांती’ होती, हे भल्याभल्या रसिकांना ठाऊक नसतं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक कंपनीनं ‘शांती’ नावाच्या रॉक वाद्यवृंदाची त्याच नावाची लाँगप्ले तबकडी काढली. त्यात तबल्यावर होते माहीमचे झाकिरभाई, तेव्हा अवघ्या विशीचे. सरोदवर आशिष खाँ, म्हणजे बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे नातू. तबल्यावर आशिष खाँचे बंधू प्राणेश खाँही होते. गिटार, ड्रम आणि गाणं सांभाळायला चार अमेरिकन तरुण.

रॉकवाल्यांना भारतीय वाद्यांचं वेड तोवर लागलेलं होतंच. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत येऊन भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केलं होतं. पण रॉकमध्ये सतार-तबला बहुधा चवीपुरताच असे. ‘शांती’त आपली मंडळी पाहुणी नाहीत, घरची आहेत. मला या तबकडीचं मोल वाटतं ते यासाठी.

तिच्यातली इंग्रजी गाणी त्या काळाच्या मानानं साधीच आहेत. खरा जीव आहे तो ‘शांती’ याच नावाच्या दीर्घ रचनेत. सरोदला पडदे नसतात. गुळगुळीत पोलादी पट्टीवर नख घासत मींड काढायची. गिटारला पडदे असतात, तिथं तार बोटानं ताणून सूर वर चढवायचा. रीती दोन, ओढ मात्र एकाच सुराची. ती ऐकू येते तेव्हा अंगावर काटा येतो.

तबल्याचं काम याहून अवघड. आपल्या जालना जिल्ह्यात, जांबसमर्थला म्हणा की परतूरला, भजनात पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, ओली कणीक लावली की मंडप घुमतो. ड्रमसेटच्या दणक्यापुढं तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा मात्र सहज बुडून जातो. इथं तो तरतो, कारण झाकिरभाई ड्रमशी झुंजत नाहीत. त्याच्या ठोक्यांमधल्या मोकळ्या जागा हेरून बोल पेरतात. पुढं जगभरच्या वादकांशी त्यांनी जी दोस्ती केली, तिचा पाया मला इथंच दिसतो.

या एका तबकडीनंतर हा मेळ पांगला. १९७६ मध्ये ‘शक्ती’ची पहिली तबकडी आली, गाजली, आणि ‘शांती’चं नाव मागं पडलं. आशिष खाँ नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले, झाकिरभाई १५ डिसेंबरला. दोघांच्या जाण्यात महिन्याचं अंतर. श्रद्धांजलीच्या लेखांतही ‘शांती’चा उल्लेख मला फारसा दिसला नाही.

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसणारी तबल्याची मुलं आपल्या जालन्यातही आहेत. त्यांच्या गुरुजनांना माझी विनंती आहे: ही तबकडी आता इंटरनेटवर ऐकायला मिळते. एका संध्याकाळी वर्गात ती सलग लावा, आणि मुलांना मधे काही समजावू नका. नुसती ऐकू द्या.