सांगातीचे स्मरण : अनिल आणि कुसुमावती



दिवंगत पत्नीचे स्मरण हा आपल्या वाङ्मयात जुना विषय आहे. 'रघुवंशा'च्या आठव्या सर्गात इंदुमतीसाठी शोक करणारा अज तिला नुसती गृहिणी म्हणत नाही. ती सल्ला देणारी होती, एकांतातली सखी होती आणि कलांच्या बाबतीत आपली शिष्याही होती, असे तो सांगतो. पत्नी ही मैत्रीण असू शकते, हे आपल्या परंपरेला कालिदासापासून ठाऊक आहे. पण त्या यादीतला 'शिष्या' हा शब्द लक्षात ठेवा. पत्नी जेव्हा शिष्या नसते, स्वतःच्या अधिकाराने लिहिणारी, शिकवणारी, मत मांडणारी असते, तेव्हा तिचे स्मरण कसे करावे? या प्रश्नासाठी मराठीत कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांच्यासारखे दुसरे उदाहरण मला दिसत नाही. ग्वाल्हेरच्या श्रोत्यांपुढे ते मांडण्याचे कारणही आहे. १९६१ साली याच शहरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या कुसुमावती अध्यक्ष होत्या. हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९६१ रोजी, त्यांचे निधन झाले.

आधी थोडा तपशील. अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, जन्म १९०१, गाव मूर्तिजापूर. कुसुम जयवंत यांचा जन्म १९०४ चा, अमरावतीचा. दोघेही वऱ्हाडातले. पण ओळख झाली ती पुण्यात, विद्यार्थिदशेत. १९२२ पासून त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे कुसुमावती इंग्रजी साहित्याच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि विवाह झाला तो १९२९ साली. म्हणजे पती-पत्नी होण्यापूर्वी सात वर्षे ती दोघे एकमेकांना लिहीत, वाचीत आणि समजून घेत होती. नंतरचा संसार बत्तीस वर्षांचा. मैत्री संसाराहून थोरली होती, हे या जोडप्याचे वैशिष्ट्य. १९६१ सालच्या अनिलांच्या संग्रहाचे नाव 'सांगाती' आहे. सोबत चालणाऱ्यासाठी मराठीत याहून नेमका शब्द नाही.

आता एका दंतकथेविषयी बोलले पाहिजे, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर ती आलेली असेल. अनिलांची रुसव्याची एक कविता कुमार गंधर्वांनी गायिली आणि ती घरोघर पोचली. तिच्यामागची म्हणून जी गोष्ट सांगतात ती अशी : कवी घरी परततात, पत्नी बोलत नाही, ती रुसली आहे असे समजून ते तिची मनधरणी करू लागतात आणि मग त्यांच्या ध्यानात येते की ती गेलेली आहे. त्या क्षणी ही कविता सुचली म्हणे! गोष्ट ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. अडचण एकच आहे. कविता १९४७ सालची आहे. कुसुमावती त्यानंतर चौदा वर्षे जगल्या, त्यांनी आपले महत्त्वाचे समीक्षालेखन केले, ग्वाल्हेरचे अध्यक्षपद भूषवले. दुसरा एक योगायोगही या कथेला चिकटण्याची भीती आहे. कुमारांच्या पहिल्या पत्नी भानुमतीबाईही १९६१ मध्येच गेल्या. योगायोग हृदयाला भिडतो, पण त्याला कवितेचे कारण मानता येत नाही.

कोणी म्हणेल, दंतकथेने काय बिघडते? कवितेवरचे प्रेम वाढतेच ना? माझ्या मते दोन गोष्टी बिघडतात. पहिली कवितेची. ती जिवंत माणसाच्या अबोल्याची कविता आहे. समोरचे माणूस उत्तर देऊ शकते, पण देत नाही, यात तिची सगळी तगमग आहे. समोर मृत्यू आणून ठेवला की ती तगमग संपते आणि उरतो तो नुसता धक्का. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या कथेत कुसुमावतींना एकच काम उरते : निश्चल पडून राहणे. ज्या बाईंनी आयुष्यभर वाचले, शिकवले, लिहिले, त्यांची लोकांच्या मनातली सर्वांत ठळक प्रतिमा जर न बोलणाऱ्या देहाची असेल, तर ते स्मरण नव्हे.

मग त्या होत्या कोण? नागपूरच्या मॉरिस कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापक. पुढे आकाशवाणीवर स्त्रियांच्या आणि मुलांच्या कार्यक्रमांची जबाबदारी सांभाळणाऱ्या. 'दीपकळी' (१९३४), 'दीपदान' (१९४०), 'मोळी' (१९४५) या संग्रहांच्या लेखिका. त्यांच्या कथेत घटना थोडी असते. एखादी मनोवस्था, एखादे साधे माणूस, एखादी संध्याकाळ एवढ्यावर ती उभी राहते. नवकथेचा बोलबाला होण्यापूर्वी त्या असे लिहीत होत्या. 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या ग्रंथात त्यांनी आपल्या कादंबरीच्या शंभर वर्षांचा आढावा घेतला. आणि १९५४ साली समीक्षालेखांचा संग्रह काढला, त्याचे नाव ठेवले 'पासंग'.

विद्यार्थ्यांसाठी सांगतो. तराजूची पारडी समतोल नसली की हलक्या बाजूला जो खडा किंवा लहानसे वजन टाकतात, त्याला पासंग म्हणतात. एखाद्याची बरोबरी होऊ शकत नाही हे सांगताना 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' असे आपण म्हणतो. कुसुमावतींनी स्वतःच्या समीक्षेला हे नाव दिले, यात नम्रता आहे आणि समीक्षेच्या कामाची जाणही आहे. समीक्षकाने माल घालायचा नसतो, तोल साधायचा असतो. पण पुढे आपण वाचकांनी काय केले? खुद्द लेखिकेलाच पासंग करून नवऱ्याच्या पारड्यात टाकले. 'कवी अनिलांच्या पत्नी' एवढी ओळख पुरेशी मानली.

अनिलांनी मात्र तसे केले नाही, हे आवर्जून सांगायला हवे. कुसुमावती गेल्यानंतर ते वीस वर्षे जगले. त्यांची 'दशपदी' याच काळात, १९७६ साली आली आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण पत्नीच्या स्मरणाचे त्यांचे खरे काम मला 'कुसुमानिल' या पुस्तकात दिसते. १९२२ ते १९२७ या काळातला दोघांचा पत्रव्यवहार त्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केला. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. त्यांना एखादे आठवणींचे पुस्तक लिहिता आले असते. आठवणी लिहिणारा बोलतो आणि गेलेले माणूस ऐकून घेते. मधे थांबवून 'असे नव्हते' म्हणण्याची सोय त्याला नसते. पत्रव्यवहारात ती सोय आहे. तिथे कुसुम जयवंत स्वतःच्या अक्षरांत, स्वतःच्या वयात, स्वतःच्या शब्दांत हजर आहेत. पुस्तकाचे नावही पाहा : दोन नावांचा समास आणि त्यात तिचे नाव आधी.

इथे एक प्रश्न टाळता येणार नाही. गेलेल्या माणसाची खाजगी पत्रे छापण्याचा हक्क मागे राहिलेल्याला असतो का? विशीतल्या मुलीने एका माणसासाठी लिहिलेले पन्नास वर्षांनी सर्वांनी वाचावे का? या प्रश्नाचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. एवढे म्हणता येईल की अनिलांनी तिची पत्रे उघड केली तेव्हा स्वतःचीही केली. दोघांना एकाच उजेडात ठेवले. आपल्याकडे पतीच्या आठवणी पत्नीने लिहिण्याची परंपरा समृद्ध आहे. रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक ही नावे पुरेशी आहेत. पतीने पत्नीचे स्मरण करावे आणि त्यात तिला बरोबरीने बोलू द्यावे, याची उदाहरणे त्या मानाने थोडी. म्हणून 'कुसुमानिल'चे मोल अधिक.

स्मरणाचा आणखी एक प्रकार आहे, त्यात अश्रूंना फारसा वाव नाही. मराठी साहित्याचा इंग्रजीतून इतिहास लिहिण्याचे काम कुसुमावतींनी हाती घेतले होते. ते अपुरे राहिले. प्रा. मं. वि. राजाध्यक्षांनी ते पूर्ण केले आणि १९८८ साली साहित्य अकादमीने दोघांच्या नावाने तो ग्रंथ प्रसिद्ध केला. सत्तावीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाईंचे नाव मुखपृष्ठावर राहिले. अपुरे काम पूर्ण करून त्यावर मूळ नाव कायम ठेवणे, ही मला फार सुसंस्कृत श्रद्धांजली वाटते. पुढे २००१ साली इंदूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद विजया राजाध्यक्ष यांच्याकडे आले. ग्वाल्हेर ते इंदूर हे चाळीस वर्षांचे अंतर असे एका धाग्याने जोडलेले आहे आणि तो धागा आपल्या मध्य प्रदेशातून जातो, याची आठवण आपण तरी ठेवावी.

शेवटी अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. शोक खाजगी असतो. त्यात बाहेरच्याने डोकावू नये. पण लेखकाचे स्मरण ही सार्वजनिक जबाबदारी आहे आणि ती वाचनानेच पार पडते. 'कुसुमानिल' अवश्य वाचा, पण त्याच्या आधी किंवा नंतर 'पासंग' वाचा, 'दीपकळी'तली एखादी कथा वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. रुसव्याचे ते गाणे ऐकताना कोणी ती दंतकथा सांगू लागला, तर त्याला न दुखावता कवितेचे साल सांगा आणि विचारा : ज्यांच्यासाठी तुम्ही हळहळता आहात, त्यांचे लिहिलेले एक पान तरी तुम्ही वाचले आहे का?