हाताला अक्कल असते

पोरगं नापास झालं की आपण म्हणतो, "याच्या डोक्यात काही शिरत नाही." हे बोलणं मान्य नसलेल्या एका माणसाची हकीकत आज सांगतो.

त्यांचं नाव डॉ. श्रीनाथ कलबाग. जन्म १९२८ चा. अमेरिकेत शिकून त्यांनी डॉक्टर ही पदवी मिळवली. हे औषध देणारे डॉक्टर नव्हेत. अन्नपदार्थ तयार करण्याच्या शास्त्राचे जाणकार. पुढे मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात ते इंजिनिअरिंग विभाग सांभाळत. पण ती नोकरी सोडून ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी आले. पाबळ म्हणजे कमी पावसाचा मुलूख. तिथं १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या पत्नीही सोबत आल्या.

कलबागांचं म्हणणं साधं होतं. मूल चालायला पुस्तकातून शिकतं का? पडतं, उठतं, पुन्हा चालतं. मग शाळेतच त्याचे हात का बांधायचे?

त्यांनी शाळा सुटलेली मुलं हाताशी धरली. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, जनावरं, सारं करून शिकवलं. मग हाच विषय खेड्यांतल्या हायस्कुलांत नेला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करू लागली. मुलींनीही वेल्डिंग केलं.

काम लुटुपुटीचं नव्हे. गावकऱ्याला फाटक करून द्यायचं, त्याचे पैसे घ्यायचे. फाटक लंगडलं, तर मालक दारात हजर! तीच परीक्षा.

यात गणितही येतं. चार काठ्यांची चौकट खिळ्यांनी जोडा आणि कोपऱ्यावर दाबा. ती कलते. तीन काठ्यांचा त्रिकोण कलत नाही. पाबळला लोखंडी त्रिकोण जोडून घुमटाची घरं उभी केली, ती याच हिशेबानं. त्रिकोण हातात आला, की तो पाठ करावा लागत नाही.

डॉ. कलबाग २००३ साली वारले. काम मात्र थांबलं नाही. दूरदूरच्या शाळांत ते पोचलं.

तेव्हा मंडळी, पोराला ठोंब्या म्हणण्याआधी त्याच्या हातात एकदा हत्यार द्या. आणि शाळेत जाऊन गुरुजींना विचारा, "आमची मुलं इथं हातानं काय काय करतात?"