गाजरगवताचे बी आणि मातीतले जिवाणू
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



राहायला आपण शनवाऱ्यात असलो, तरी अनेकांची केळी तापीकाठी आहे. निंदणीला किती मजुरी जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणूनच शेतकरी हल्ली विचारतात, "साहेब, तणाचे बी जमिनीतच मरेल असे एखादे जिवाणू औषध नाही का?"

कल्पना खोटी नाही. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातल्या संशोधकांना 'सुडोमोनास फ्लुरोसेन्स' या जिवाणूचा डब्ल्यूएच-६ नावाचा प्रकार सापडला. तो एक द्रव्य सोडतो आणि गवताचे बी रुजता रुजता तिथेच अडते. वॉशिंग्टन राज्यातला डी-७ हा प्रकार गव्हातल्या एका तणाची मुळे खुंटवतो. प्रयोगशाळेत गुण छान दिसला, पण उघड्या रानातल्या नंतरच्या चाचण्यांत फारसा टिकला नाही. माती, ओल, ऊन आणि तिथले मूळचे जिवाणू, एवढ्यांत बाहेरच्या पाहुण्याने तग धरायचा असतो!

सुडोमोनास आपल्या दुकानांतही मिळतो, पण तो मर, मूळकूज अशा रोगांसाठी. नाव एक, प्रकार वेगळा. तण मरेल म्हणून कोणी तो गळ्यात मारत असेल तर पैसे देऊ नका. शिवाय वरचे दोन्ही प्रकार गवतवर्गावरचे. आपले गाजरगवत नावालाच गवत, कूळ सूर्यफुलाचे.

हे गाजरगवत देशात प्रथम नोंदले गेले ते १९५५ च्या सुमारास पुण्यात. एका झाडाला हजारो बिया, आणि त्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. निंदणाऱ्या बायकांच्या हातांना खाज सुटते, ती यानेच. त्यामुळे बी मारण्यापेक्षा बी धरूच न देणे सोपे. त्यासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोहून बेंगळुरूला एक भुंगा आणला गेला. तो पावसाळ्यात याची पाने फस्त करतो. आपल्याच राज्यात, जबलपूरच्या तण संशोधन निदेशालयाने तो दूरवर पोचवला आहे. गाजरगवतावर पिवळसर, काळ्या रेघांचा भुंगा दिसला तर कृपा करून त्यावर फवारणी करू नका.

दुसरा उपाय फुकटचा आहे, टाकळा. तो दाट उगवला की गाजरगवताला जागा देत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याच्या शेंगा वाळतात. तेव्हा गोळा करून पडीक जागेत आणि रस्त्याकडेला फेका, शेतात नको. फुलावर न आलेले गाजरगवत हातमोजे घालून उपटा आणि खड्ड्यात कुजवा. फुललेले मात्र खतात टाकू नका, नाहीतर तेच बी खताबरोबर पुन्हा केळीत जाईल.