लोकांचे वकीलपत्र

(सर्वण येथील सभेत संपादकांनी केलेले भाषण)



वकील होणे हे बुद्धीचे काम आहे. लोकांचे वकीलपत्र घेणे हे छातीचे. बॅरिस्टर नाथ पै यांच्यापाशी दोन्ही होते. २५ सप्टेंबर १९२२ रोजी आपल्या शेजारच्या वेंगुर्ल्यात ते जन्मले. १९४२ च्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला आणि पुढे विलायतेला जाऊन ते बॅरिस्टर झाले. वकिलीत धन जोडणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी कोकणातील दरिद्री रयतेची कैफियत हाती घेतली. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत धाडले.

१९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करण्याचा अधिकार संसदेस नाही. तेव्हा या बॅरिस्टराने घटनादुरुस्तीचे खाजगी विधेयक मांडले. त्यांच्या हयातीत ते संमत झाले नाही. परंतु १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तेच तत्त्व स्वीकारले. अखेरचा शब्द लोकांचा, हे त्यांचे सूत्र होते.

याच सूत्रावर आपला प्रश्न घासून पाहू. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमतकौल झाला. ‘फुला’ला १,३८,१७० मते पडली, ‘दोन पानां’ना १,७२,१९१. आम्ही विलीनीकरणवादी ३४,०२१ मतांनी हरलो. तो कौल कडू होता. तरी तो लोकांचा होता, म्हणून शिरोधार्य आहे. परंतु ज्या न्यायाने आम्ही आमचा पराभव मानतो, त्याच न्यायाने विचारतो: बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार येथील जनतेला असे कोणी कधी विचारले काय? गोमंतकाला मतपेटी मिळाली. बेळगावला १९५६ साली नुसता नकाशा मिळाला!

१७ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै बेळगावात सीमालढ्याच्या हुतात्म्यांच्या स्मृतिसभेत बोलले. दुसऱ्याच दिवशी त्याच नगरीत त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे अठ्ठेचाळीस!

त्यांनी मांडलेली कैफियत संपलेली नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमादावा दोन दशके उलटली तरी निकालाची वाट पाहत आहे. सर्वणकरहो, तुमच्या वाडवडिलांनी आपले मत पेटीत टाकले. ते मोजले गेले. ज्यांचे मत कोणी मागितलेच नाही, त्या सीमाबांधवांचे वकीलपत्र आज तुम्ही घ्या. त्याला सनद लागत नाही.